दावा तपासायचा कसा? कापसाच्या शेतातून वैज्ञानिक पद्धतीची ओळख

वैज्ञानिक पद्धत म्हणजे एखादा दावा खरा की खोटा, हे अनुभवाच्या कसोटीवर तपासण्याची शिस्त. शालेय पुस्तकांत ती निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग आणि निष्कर्ष अशा पायऱ्यांनी मांडलेली असते. पायऱ्या पाठ करायला सोप्या. प्रत्यक्ष काम मात्र या क्रमाने सरळ चालत नाही. निरीक्षण करता करता प्रश्न बदलतो, प्रयोग चालू असताना मोजमापातला दोष ध्यानात येतो आणि मागे फिरावे लागते. हे सगळे चालते. चालत नाही ते एकच: काय दिसले तर आपला दावा चुकीचा मानायचा, हे आधी न ठरवता तपासणीला लागणे. चल, तुलनागट, नमुना, सरासरी या बाकीच्या संकल्पना या एका अटीच्या पूर्ततेसाठीच आहेत.

त्या शिकायला महागडी उपकरणे लागत नाहीत. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात काळ्या जमिनीवर कापूस उभा असतो आणि त्या कापसाचा मोठा शत्रू म्हणजे गुलाबी बोंडअळी. जूनमध्ये लागवड झाली की शाळेचे पहिले सत्र आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडांची, वाढ बरोबरच चालतात. पुढची बहुतेक उदाहरणे म्हणून याच पिकातली घेतली आहेत.

निरीक्षण आणि अनुमान

कापसाच्या फुलाच्या पाकळ्या कधी कधी नीट उमलत नाहीत. टोकाशी एकमेकींना चिकटून मिटलेल्या कळीसारख्या राहतात. शेतकरी अशा फुलाला डोमकळी म्हणतात. ‘या फुलाच्या पाकळ्या चिकटलेल्या आहेत’ हे निरीक्षण झाले. ‘आत बोंडअळी आहे’ हे अनुमान. अनुमान बहुधा बरोबर निघते, पण वहीत दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहावीत आणि फूल उघडून पाहिल्यावर तिसऱ्या रकान्यात प्रत्यक्ष काय सापडले तेही लिहावे. वीस डोमकळ्या उघडल्यावर अठरांत अळी सापडली, तर डोमकळी हे किती भरवशाचे लक्षण आहे याचा अंदाज विद्यार्थ्याच्या हाती आपसूक येतो.

बोंडाच्या बाबतीत नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र पुढे बुजून जाते. बोंड बाहेरून हिरवेगार आणि निरोगी दिसते. आत अळी सरकी खात असते. म्हणूनच कृषी विभागाच्या सल्ल्यात बोंडे तोडून, फोडून पाहायला सांगितलेले असते. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मोजायची तर त्यासाठी वेगळी कृती योजावी लागते, हे विज्ञानातले जुनेच सूत्र इथे फार सोप्या रूपात भेटते.

गृहीतक: अमावस्येचा दावा

‘अमावस्येला बोंडअळी वाढते’ असे गावोगाव बोलले जाते. हा दावा अंधश्रद्धा म्हणून झटकणे आणि वाडवडिलांचा अनुभव म्हणून स्वीकारणे या दोन्ही गोष्टी सारख्याच उतावीळपणाच्या आहेत. तो तपासता येतो का, एवढेच आधी पाहावे.

आहे त्या रूपात तो तपासता येत नाही, कारण ‘वाढते’ म्हणजे काय आणि कशापेक्षा, हे त्यात नाही. गृहीतक असे हवे की त्यावरून एखादे निश्चित भाकीत करता येईल. उदाहरणार्थ: ‘अमावस्येच्या आगेमागे मिळून तीन रात्रींत कामगंध सापळ्यात अडकणाऱ्या पतंगांची सरासरी, पौर्णिमेच्या आगेमागे तीन रात्रींच्या सरासरीपेक्षा जास्त असते.’ आता हे विधान चूक ठरू शकते आणि म्हणूनच ते उपयोगाचे आहे. कोणत्याही परिस्थितीत बरोबरच ठरणारे विधान ऐकायला भक्कम वाटते. ते जगाबद्दल काहीही सांगत नाही.

कामगंध सापळ्यात मादी पतंगाच्या गंधासारखे रसायन असलेली गोळी, म्हणजे ल्यूर, लावलेली असते. त्या गंधाने नर येतात आणि अडकतात. लागवडीनंतर साधारण 45 दिवसांनी एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावावेत अशी शिफारस आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात.

या मोजणीसाठी मराठी कालगणनेने एक सुरेख मांडणी आयती दिली आहे. पोळ्याची अमावस्या, भाद्रपद पौर्णिमा, सर्वपित्री अमावस्या, कोजागरी पौर्णिमा आणि लक्ष्मीपूजनाची अमावस्या. पीक फुलावर येण्यापासून बोंडे फुटेपर्यंतच्या काळात अमावस्या आणि पौर्णिमा अशा आलटून पालटून पाच वेळा येतात. पतंगांची संख्या नुसती हंगामाप्रमाणे वाढत असेल, तर पाचही नोंदी चढत्या क्रमाने येतील. चंद्रकलेचा संबंध असेल, तर आकडे अमावस्येला चढतील, पौर्णिमेला उतरतील आणि पुन्हा चढतील. एकाच अमावस्येची नोंद घेऊन थांबणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक कधीच कळणार नाही. सर्वपित्रीला पोळ्यापेक्षा जास्त पतंग मिळाले एवढ्यावरून काहीच ठरत नाही. महिनाभरात पीकही वाढलेले असते.

समजा आकडे खरोखर चढ-उतार दाखवतात. मग दावा सिद्ध झाला का? अजून नाही. चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यांत कीटक कमी येतात, ही गोष्ट कीटकशास्त्रात चांगलीच माहीत आहे. चांदण्यात दिव्याचा प्रभाव फिका पडतो हे त्याचे एक मुख्य कारण मानतात. गंधाच्या सापळ्याला दिव्याचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही, पण शंका रास्त राहते: शेतातले पतंग कमी झाले, की तेवढेच पतंग असूनही सापळ्यात कमी आले? सापळ्यातला आकडा म्हणजे शेतातली संख्या नव्हे. तो त्या संख्येचा एक निर्देशक आहे. म्हणून दुसऱ्या, सापळ्यावर अवलंबून नसलेल्या मार्गाने तीच गोष्ट मोजावी. पतंगाने अंडी घातल्यापासून अळी बोंडात शिरेपर्यंत काही दिवस जातात. प्रत्येक नोंदीनंतर सारख्याच दिवसांच्या अंतराने बोंडे फोडून अळ्या मोजल्या आणि त्यातही तोच चढ-उतार दिसला, तर दाव्याला बळ येते. तिथे तो दिसला नाही, तर दोष सापळ्याच्या मोजणीत आहे का, हे पाहायला हवे.

निकष आधी, निकाल नंतर

कसोटीचा निकष आधी जाहीर करण्याचा एक उत्तम नमुना महाराष्ट्रातच घडला. 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी योजली. बौद्धिकदृष्ट्या हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस, सरमिसळ केलेल्या, पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते सांगायला सांगितले. नाणे उडवून उत्तरे दिली तरी चाळिसात वीसच्या आसपास बरोबर येतातच. म्हणून निव्वळ योगायोगाने सहसा गाठता येणार नाही असा आकडा, चाळिसात 28, आधीच ठरवला होता. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण 46 टक्के निघाले आणि सर्वांत चांगली कामगिरी 24 ची होती.

विद्यार्थ्याने या चाचणीतल्या दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली, योगायोगाने किती मिळेल याचा हिशेब. तो नसता तर 24 हा आकडा बरा यशस्वी वाटला असता. दुसरी, माहिती झाकण्याची काळजी. उत्तर देणाऱ्याला गट माहीत नव्हता. शेतातही हे करता येते. बोंडे तोडणाऱ्याने पिशव्यांवर फक्त क्रमांक टाकावेत आणि अळ्या मोजणाऱ्याला कोणती पिशवी कुठल्या ओळीतली ते कळू देऊ नये. प्रामाणिक माणूससुद्धा आपल्याला हवे ते जरा जास्तच नीट शोधतो. झाकलेली मोजणी त्यावरचा उपाय आहे. कुणाच्या प्रामाणिकपणावर तो संशय नव्हे.

चल आणि तुलनागट

बदलू शकणाऱ्या कोणत्याही राशीला चल म्हणतात. प्रयोग करणारा जाणूनबुजून बदलतो तो स्वतंत्र चल. त्याचा परिणाम जिच्यावर पाहायचा ती राशी म्हणजे अवलंबी चल. आणि तुलना भ्रष्ट होऊ नये म्हणून सारखे ठेवायचे ते नियंत्रित चल. निंबोळी अर्काने कापसावरचा मावा कमी होतो का, हा प्रश्न घेऊ. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळी भुकटी रात्रभर भिजवून गाळली की साधारण पाच टक्के अर्क तयार होतो. अर्क फवारणे हा स्वतंत्र चल. निवडलेल्या झाडांच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या एकेका पानावर मोजलेला मावा हा अवलंबी चल. कपाशीचा वाण, लागवडीची तारीख, खत आणि फवारणीची वेळ या गोष्टी सर्वत्र सारख्या हव्यात.

आता तुलना कोणाशी करायची? काहीच न फवारलेल्या झाडांशी, असे उत्तर चटकन सुचते. पण पाण्याच्या फवाऱ्यानेही थोडा मावा धुऊन जातो. म्हणून तीन गट हवेत: अर्क फवारलेली झाडे, नुसते पाणी फवारलेली झाडे आणि काहीच न फवारलेली झाडे. अर्काचा खरा परिणाम म्हणजे पहिल्या दोन गटांतला फरक. तिसऱ्या गटावरून पाऊस, मित्रकीटक आणि बदललेले हवामान यांनी आपोआप किती घट झाली ते कळते. तुलनागट नसलेले ‘फवारले आणि कमी झाले’ हे वाक्य शेतीच्या जाहिरातींत पदोपदी भेटते. विद्यार्थ्याने त्यावर लगेच विचारावे: न फवारलेल्या झाडांचे काय झाले?

झाडांची वाटणी चिठ्ठ्या टाकूनच करावी. धुऱ्याकडच्या ओळींना अर्क आणि मधल्या ओळींना पाणी अशी सोयीची वाटणी केली, तर धुऱ्यालगतची सावली किंवा साचणारे पाणी यांचा परिणाम अर्काच्या नावावर जमा होतो. शेतीच्या प्रयोगांत अशी यादृच्छिक वाटणी रुजवली ती इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथे काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी. भारतात ही संख्याशास्त्रीय दृष्टी शेतीच्या अभ्यासकांपर्यंत नेण्यात विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. शेतीसंशोधकांसाठी दोघांनी मिळून लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक 1954 मध्ये निघाले आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

एक सूचना इथे ठामपणे द्यायला हवी. विद्यार्थ्यांनी रासायनिक कीटकनाशकांचे प्रयोग करू नयेत, मोठ्यांच्या देखरेखीखालीसुद्धा नाही. 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणत्याही प्रकल्पाचे मोल त्या जोखमीएवढे नसते. रासायनिक फवारणी झालेल्या शेतात लगेच नोंदी घ्यायलाही जाऊ नये.

किती बोंडे, किती सापळे?

सगळे शेत मोजता येत नाही. म्हणून नमुना घ्यावा लागतो. एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडावीत आणि त्यांत दोन किंवा अधिक किडकी निघाली, म्हणजे दहा टक्के, तर उपाय करावा, असा सल्ला दिला जातो. बोंडे कुठून तोडायची? वाटेवरून हाताला लागतील ती तोडली तर ती फक्त कडेच्या झाडांची ठरतात. शेतात नागमोडी फिरत, ठरावीक पावलांवर थांबून, समोर येईल त्या झाडाचे साधारण दोन-तीन आठवड्यांचे बोंड घ्यावे. वरून ‘किडके वाटते’ म्हणून निवडायचे नाही आणि ‘चांगले आहे, कशाला तोडा’ म्हणून सोडायचेही नाही.

वीस हा आकडा पुरेसा आहे का, हे साध्या गणिताने तपासता येते. शेतातली दहा टक्के बोंडे खरोखर किडलेली असली, तरी यादृच्छिक निवडलेले प्रत्येक बोंड चांगले निघण्याची शक्यता 0.9 असते. वीसही बोंडे चांगली निघण्याची शक्यता 0.9 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 12 टक्के. याचा अर्थ, उपाय करण्याच्या पातळीला पोचलेल्या आठ शेतांपैकी साधारण एकाच्या नमुन्यात अळी दिसणारच नाही. चाळीस बोंडे घेतली तर हीच शक्यता दीड टक्क्याच्या आसपास येते. शून्य सापडणे आणि शून्य असणे यांत अंतर आहे, ते असे मोजताही येते.

मोजमापांचा सारांश काढतानाही डोळे उघडे हवेत. समजा पाच सापळ्यांत एका रात्रीत 4, 6, 5, 21 आणि 4 पतंग मिळाले. सरासरी आठ येते. पण पाचपैकी चार सापळ्यांत सहापेक्षा जास्त पतंग नाहीत. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधला आकडा, पाच आहे. म्हणून वहीत सरासरीबरोबर सगळे मूळ आकडे असलेच पाहिजेत. आणि 21 हा आकडा ‘चुकीचा’ म्हणून खोडायचा नाही. कदाचित सगळ्यांत मोलाची माहिती तिथेच आहे. तो सापळा जिनिंगजवळ किंवा घरात साठवलेल्या कापसाजवळ असेल, तर तिथल्या सरकीतून पतंग बाहेर पडत असण्याची शक्यता आहे. हे नवे गृहीतक झाले आणि त्याची वेगळी तपासणी करता येईल.

गृहीतकापासून सिद्धांतापर्यंत

सिद्धांत म्हणजे अनेक तथ्ये एकत्र गुंफणारे आणि पुन्हा पुन्हा कसोटीला उतरलेले स्पष्टीकरण. तो किती कामाचा, हे त्यातून निघणाऱ्या भाकितांवरून कळते. बीटी कापसाची कथा हे त्याचे जवळचे आणि वेदनादायी उदाहरण आहे. बोंडअळीला मारणारे प्रथिन स्वतः तयार करणाऱ्या कापसाला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2006 मध्ये दोन प्रथिने असलेला बीजी-2 आला. उत्क्रांतीच्या सिद्धांतावरून एक भाकीत आधीपासून होते: सगळीकडे बीटीच लावली तर ते प्रथिन पचवणाऱ्या मोजक्या अळ्याच जगतील आणि त्यांचीच प्रजा वाढेल. म्हणून बीटीभोवती बिगर-बीटी कापसाच्या आश्रय ओळी लावण्याचा नियम केला गेला, जेणेकरून तिथल्या साध्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारक्षमता पातळ व्हावी. प्रत्यक्षात या ओळी फारशा लागल्या नाहीत. 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारक्षमता आल्याचे जाहीर झाले. पुढे बीजी-2 चेही तेच झाले आणि 2017 च्या हंगामात विदर्भातल्या बोंडांत अळीचा कहर झाला.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी मोठ्या प्रमाणावर पेरली. तिच्यात सुमारे चतुर्थांश झाडे आपोआप बिगर-बीटी निघतात आणि तिथे प्रतिकारक्षमता ओसरल्याचे आढळले. अमेरिकेत आधी आश्रय ओळी आणि पुढे त्यांच्या जागी वंध्य पतंग सोडणे, तसेच इतर उपाय वापरून 2018 मध्ये गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले गेले. तिन्ही ठिकाणचे निकाल भाकिताशी जुळतात. तरीही हा नियंत्रित प्रयोग नव्हे. तीन देशांत हवामान, वाण आणि हंगामाची लांबी सगळेच वेगळे आहे. आपल्याकडे फरदड घेऊन पीक उन्हाळ्यापर्यंत उभे ठेवतात, त्यानेही अळीला अखंड खाद्य मिळते. एका परिणामामागे अनेक कारणे असतात तेव्हा एकाच कारणावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे असते आणि बहुधा अपुरे.

सिद्धांत बदलतात म्हणून विज्ञान बेभरवशाचे, असा समज मुलांत आढळतो. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर त्याला चांगले उत्तर आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर ज्वालामुखीने झाले असे मत दीर्घकाळ चालत होते, कारण आसपास सगळा ज्वालामुखीचा काळा पाषाण आहे. 1973 मध्ये तिथल्या खडकांत मास्केलिनाइट ही काच सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ती होण्यास जो प्रचंड आघात लागतो तो ज्वालामुखीत होत नाही, उल्का आदळल्यावर होतो. गोल खड्डा तर दोन्ही गृहीतकांत बसत होता; मास्केलिनाइट एकातच बसले. दोन स्पष्टीकरणांपैकी एक निवडायचे असेल तेव्हा दोघांनाही लागू पडणारा पुरावा गोळा करत बसू नये. विवराचे वय मात्र एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे निघाले होते, तर 2011 मध्ये आर्गॉनवर आधारित पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे आले. उत्पत्तीचा निर्णय त्यामुळे डळमळला नाही. वयाचा आकडा तेवढा बदलला.

वही आणि अहवाल

नोंदवही शाईने लिहावी, तारीख, वेळ आणि हवामान यांसह. चुकलेली नोंद एका रेघेने खोडावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. ल्यूर कोणत्या दिवशी बदलले, एखाद्या रात्री वाऱ्याने सापळा पडला का, कोणी मोजले, हेही लिहावे. आकडा विचित्र निघाला की उत्तर बहुधा अशाच ओळींत सापडते.

अहवालात पद्धत इतकी स्पष्ट असावी की शेजारच्या मारेगाव किंवा झरी-जामणी तालुक्यातल्या एखाद्या शाळेतल्या मुलीला, काहीही न विचारता, तोच प्रयोग आपल्या शेतात करता यावा. तिचे आकडे वेगळे आले तर दोन्ही अहवाल शेजारी ठेवून जमीन, वाण, लागवडीची तारीख आणि सापळ्यांची उंची यांत काय फरक होता ते शोधावे. गृहीतक चूक ठरले तर तेही तितक्याच ठळकपणे लिहावे. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर फक्त जमलेले प्रयोग लावण्याची सवय हानिकारक आहे, कारण न जमलेला प्रयोग दडवला की दुसरी शाळा तोच पुन्हा करून तेवढाच वेळ घालवते. अमावस्या-पौर्णिमेच्या पाच नोंदींत चढ-उतार दिसला नाही, तर तक्त्याचे शीर्षक सरळ असे द्यावे: ‘चंद्रकलेशी संबंध आढळला नाही’, आणि त्याखाली पाचही नोंदींचे सगळे आकडे.